हिल्लायार्वीचं पाणी

५ सप्टेंबर

बसमधून पाय खाली टेकला नाही तोच एन्सिओ हजर!

'एन्सिओ म्हणायचा, रस्ता संपला की लगेच डोंगर दिसायला लागतात.' – हेलवी. अगं, डोंगर आहेत ते, दिसणारच! त्यात एन्सिओने काय मोठे दिवे लावले?

बोललो नाही. ठरवूनच निघालोय, तोंड उघडायचं नाही. मेलेल्या माणसाला नावं ठेवली की वाईट आपणच दिसतो. हे मला दोन वर्षांत पुरतं कळलंय. इवालो गावातल्या नाचाच्या कार्यक्रमात हेलवी भेटली. पहिल्या टँगोत तिने माझ्या पायावर पाय दिला, आणि दुसऱ्या टँगोत सांगितलं, 'माझा नवरा वारलाय. एन्सिओ नाव त्याचं.' तेव्हापासून आम्ही तिघं आहोत.

या जूनमध्ये, सौनाच्या वाफेतून बाहेर येऊन तळ्याकाठी बसलो होतो, तेव्हा विचारून टाकलं – लग्न करायचं का? त्रेसष्टाव्या वर्षी! कान लालबुंद झाले होते, आणि ते काही सौनामुळे नव्हे. तिने पाय पाण्यात सोडले. मग म्हणाली, 'आधी एकदा एन्सिओच्या वाटेने चालून येऊ. हिल्लायार्वीच्या तळ्यापर्यंत. मग सांगते.'

म्हणजे मी परीक्षेला बसलोय आणि पेपर काढणारा कबरीत!

हा एन्सिओ दर सप्टेंबरात आठवडाभर इकडे यायचा. एकटा. केमीच्या पेपर मिलमधला कारकून – वर्षभर खुर्चीत, आणि आठवडाभर रानात. लगेच वाघ! मी इथलाच, जन्म इथला, सगळी हयात याच रस्त्यांवर बस चालवली. पण माझ्या चालण्याचं कौतुक कुणाला?

आजची बस यारी चालवत होता. त्याला गाडी शिकवली ती मीच. सामान काढून देताना डोळा मारतो – 'काय उस्ताद, बस सोडून पायी? बाई भारी पडली म्हणायची!' हेलवी मनापासून हसली. यारीचं सोडा, पोरगाच आहे. पण ती फार हसली.

तंबू ठोकला. 'एन्सिओ म्हणायचा, तंबूची पाठ वाऱ्याला हवी.' होती! आधीपासून होती! काढून पुन्हा तसाच ठोकला, म्हणजे तिचं समाधान.

६ सप्टेंबर

नदी ओलांडली. पाणी गुडघ्यापर्यंत, गारेगार. गमबूट गळ्यात अडकवले, हेलवीने माझा दंड घट्ट धरला. एवढा घट्ट की मला वाटलं, ही नदी आणखी थोडी रुंद असती तर बरं झालं असतं. मधोमध ती घसरली, मी तिला सावरलं. 'बरा आहेस की रे ड्रायव्हर,' म्हणाली. दिवस सार्थकी लागला असं वाटलं.

वाटलं तेवढंच. पलीकडच्या काठावर चढलो आणि तिने माझा दंड सोडला. उजव्या हाताला एक सपाट दगड – टेबलासारखा. 'आहे,' ती म्हणाली. 'खरंच आहे. एन्सिओ म्हणायचा, नदी ओलांडली की उजवीकडे टेबलासारखा दगड. त्याच्यावर बसून तो कॉफी प्यायचा.' आणि दगडावरून हात फिरवत राहिली. पुढून, मागून, कडेने. मी ओले मोजे हातात धरून उभा. विचारलं, बसायचं का? 'थांब रे जरा.'

दगडाचा हेवा वाटायची पाळी आली माझ्यावर! त्या दगडाला काय कळतंय?

मग विस्तव पेटेना. लाकडं ओली, बर्चची सालही ओली. तिसरी काडी विझली तशी ती म्हणते, 'एन्सिओ म्हणायचा, मी एका काडीत पेटवतो.'

'मग बोलाव ना त्याला!' – सुटलंच तोंडातून.

मला वाटलं, आता रडेल किंवा रुसेल. तर ती पोट धरून हसली! 'म्हाताऱ्या, इथे जळतंय कोण? लाकडं तर जळताना दिसत नाहीत!' हसत हसत तिने माझ्या हातातली काडेपेटी घेतली, खिशातून कसलासा कोरडा कागद काढला आणि पेटवलं. एका काडीत. हे ती एन्सिओकडून शिकली का, ते मी विचारलं नाही. सॉसेज भाजलं, काळा पाव, कॉफीत इकडच्या रिवाजाने चीजचे तुकडे. छान लागलं असणार. मला चव लागली नाही.

७ सप्टेंबर

दिवसभर पाऊस. चाललो, भिजलो, झोपतो आता. एन्सिओला म्हणे इथे एकदाही पाऊस लागला नाही. लागेल कसा, साहेबांना!

८ सप्टेंबर

आज खूप लिहायचंय. हात गारठलाय तरी.

दुपारी पहिलं खोपटं लागलं. लाकडी, एकच खोली, शेगडी, चार माणसं जेमतेम झोपतील एवढी फळ्यांची माच. आमच्या आधी येऊन गेलेल्याने रिवाजाप्रमाणे शेगडीजवळ कोरडी लाकडं नि बारीक ढलप्या रचून ठेवलेल्या. पेटवली. कपडे वाळत घातले. हेलवीने डोक्यावरची टोपी काढून दोरीवर टांगली – एन्सिओची लोकरी टोपी, कोपरा विरलेला. मी या सहलीसाठी तिला नवी घेऊन दिलीय, निळी. ती पिशवीच्या तळाशी. विचारलं, का घालत नाहीस? 'नवी आहे ना, खराब होईल.' एक टोपी खराब व्हायला नको म्हणून वापरायची नाही, आणि दुसरी इतकी लाडकी की विरेस्तोवर वापरायची.

तरी खोलीत ऊब होती. शेंगदाण्यासारखी फुटणारी लाकडं, बाहेर पाऊस, आत आम्ही दोघंच. खरोखर दोघंच – तासभर एन्सिओचं नावसुद्धा निघालं नाही. मी मनात वाक्य जुळवत होतो. म्हटलं, हिल्लायार्वीपर्यंत कशाला थांबायचं, आजच विचारू.

तेवढ्यात दारावर थाप. एक तरुण जोडपं, मग मागून आणखी दोघं. चौघंही चिंब, एका पोरीचे ओठ निळे पडलेले. आता रानातल्या खोपटाचा कायदा शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे – जो आधी आला त्याचा विसावा झाला, जो शेवटी आला त्याचा हक्क मोठा. जागा पुरत नसेल तर विसावलेल्याने उठायचं. हेलवी तर लगेच उठलीसुद्धा! मी म्हटलं, अगं सहा जणं मावू कसेतरी. 'कसेतरी नाही. ती पोरगी आडवी व्हायला हवी. चल.' त्या पोराने 'राहू द्या काकू, आम्ही बसून घेऊ' वगैरे म्हणायचा नाटकी प्रयत्न केला. मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्पच झाला.

पावसात तंबू ठोकला. ठोकताना मनात येत होतं – हाच कायदा माणसांना का लागू नाही? एन्सिओ तीस वर्षं उबेत झोपून गेला. मी शेवटी आलोय, भिजून आलोय. आता उठायचं कुणी? तर तो माचेवर पाय ताणून पडलेला, आणि मी अजून दारात!

हेच रागाच्या भरात बोलूनही दाखवलं, तंबूत शिरल्यावर. तिने आधी ओले मोजे पिळले. मग म्हणाली, 'ताइस्तो, तुला वाटतं मी इथे त्याच्याबरोबर आले होते?'

'नाहीतर? नदी, दगड, डोंगर – सगळं तोंडपाठ आहे तुला!'

'मी? एकदासुद्धा नाही! त्याने मला कधी आणलं? म्हणायचा, तुला झेपणार नाही. मी पहिल्यांदाच बघतेय हे सगळं.'

क्षणभर इतकं हलकं वाटलं! म्हणजे हे रान आमचं दोघांचंच. पण लगेच मनाने कूस बदलली. न बघता एवढं पाठ? म्हणजे तो बोलत असणार आणि ही जीव कानात आणून ऐकत असणार. वर्षामागून वर्ष. मी माझ्या बसच्या गोष्टी सांगतो तेव्हा ही विणकाम काढते.

मग पाण्याची गोष्ट सांगितली तिने. हिल्लायार्वीच्या काठी एक खोपटं आहे. त्याच्यामागे वीस पावलांवर मोठ्या दगडाखालून झरा वाहतो. बर्फासारखं पाणी, दात ठणकतात, आणि गोड. एन्सिओ दर वर्षी त्याची एक बाटली भरून घरी आणायचा, खास हेलवीसाठी. 'तुला येता येत नाही ना, म्हणून ते तुझ्याकडे आणलं.' मग ती त्या पाण्याची कॉफी करायची. चांगले कप काढायची, शेजारणीला बोलवायची. शेजारीण म्हणायची, माझा नवरा मासे धरायला जातो तर रिकाम्या हाताने येतो, तुझा बघ!

'तेच बघायला चाललेय मी,' हेलवी म्हणाली. 'तो झरा.'

आता बोला! मी दोन वर्षांत तिला काय दिलं – निळी टोपी. आणि तो बाटलीत आख्खं रान भरून आणायचा.

या माणसाशी जिंकणं शक्य नाही. जिवंत असता तर किमान टक्कल तरी पडलं असतं त्याला.

९ सप्टेंबर

भांडलो.

सकाळी तंबूवर बर्फाची पातळ पापडी. खोपटातली पोरं निघून गेलेली, जाताना ढलप्या रचायच्या विसरली – आजकालची पोरं! मी रचल्या. रचता रचता ठरवलं की पुढे जायचं नाही. गुडघ्याचं निमित्त काढलं. मग आभाळाचं. म्हटलं, उत्तरेकडचे ढग बरे नाहीत, हिमवर्षाव व्हायचा, परत फिरू.

तिने आभाळाकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्याकडे. 'कालपर्यंत तर उजवा दुखत होता.'

पकडलं! मी डावा चोळत होतो.

'तुला यायचं नसेल तर राहा इथेच, ड्रायव्हर. मी जाते. येताना तुला घेऊन जाईन.' आणि पाठीवर पिशवी टाकून चालायला लागली. मागे वळूनही पाहिलं नाही. एकसष्ट वर्षांची बाई, लालभडक झुडपांतून अशी सपासप चालली होती की मला धावत गाठावं लागलं. उजवा गुडघा खरंच दुखला त्यात.

दिवसभर ती पुढे, मी मागे. वाऱ्याने तिला ऐकू जाणार नाही एवढं अंतर ठेवलं आणि एन्सिओला मनसोक्त शिव्या दिल्या. मोठ्याने! कारकुंड्या, बाटलीवाल्या, टेबलावर बसणाऱ्या! बरं वाटत होतं. एवढ्यात झुडपातून एक रिएक्को, म्हणजे आमचा रानकोंबडा, भुर्रकन उडाला आणि त्याच्या त्या हेंगाड्या आवाजात खदाखदा हसत गेला. हिवाळ्यात पांढरे होतात हे; हा अर्धा झालेला होता, थंडी आलीच आता. त्याच्यावर पण ओरडलो. तर पुढून हेलवी वळून विचारते, 'कुणाशी बोलतोयस?'

'पक्ष्याशी.'

'चांगलंच ऐकवलंस त्याला,' म्हणाली. किती ऐकलं होतं कोण जाणे.

संध्याकाळी वाळवलेलं रेनडिअरचं मांस चघळत बसलो. मी विचारलंच – एन्सिओत असं होतं तरी काय? खरं सांग. ती म्हणाली, 'बोलायचा छान.' एवढंच.  मग मी म्हटलं, मला छान बोलता येत नाही. 'ते दिसतंच,' म्हणाली, आणि माझ्या पाठीवर थोपटलं. घोड्याला थोपटतात तसं.

एक वाईट शब्द तरी काढ ना बाई त्याच्याबद्दल! घोरायचा म्हण. पैसे उधळायचा म्हण. एक शब्द! मला वर्षभर पुरेल.

१० सप्टेंबर

पोचलो हिल्लायार्वीला. धुकं इतकं की तळं आधी कानांना लागलं, मग डोळ्यांना. खोपटं उंच वाळूच्या टेकाडावर, एकटंच. आत कुणी नाही.

मला वाटलं होतं, पिशवी टाकून ती धावत मागे जाईल झऱ्याकडे. तर नाही. दारातच उभी राहिली. मग आत आली, शेगडी साफ केली, फळ्या झाडल्या, उगाच चारदा झाडल्या. म्हटलं, चल ना, झरा बघू. 'उद्या. दमले.' बर्फ वितळवून– म्हणजे बर्फ कुठला, तंबूवरची पापडी गोळा केली होती सकाळी किटलीत, तिचंच पाणी होतं थोडं, ते संपवलं.

घाबरलीय का? आनंद आवरत नाही म्हणून? देवळात शिरायच्या आधी माणूस पायरीवर थबकतो तसं? तीस वर्षं ऐकलेली जागा! उद्या ती त्या पाण्यापाशी बसेल आणि मी पुन्हा मोजे हातात धरून उभा असेन.

मला झोप यायची नाही.

११ सप्टेंबर

काय दिवस! आधीपासून लिहितो.

झोप आली होती म्हणायची, कारण जाग आली तेव्हा शेगडी पेटलेली, हेलवी उठून बसलेली, केस विंचरून. कोपऱ्यात दोन कप मांडलेले, चीजचे तुकडे केलेले. मला म्हणाली, 'ताइस्तो, किटली घे आणि झऱ्याचं पाणी आण. मागे वीस पावलांवर, मोठ्या दगडाखाली.'

'तू नाही येत?'

'तू आण.'

खोपटाला मागच्या बाजूने खिडकी नाही. मागे गेलो. वीस पावलं. दगड होता, मोठा. त्याच्याखाली वाळू. कोरडी ठक्क! पायाखाली पांढरं शेवाळ कुरकुर वाजत होतं – भाजलेल्या पापडासारखं. म्हटलं दुसरा दगड असेल. तीस पावलं, चाळीस. सगळे दगड पालथे घातले, गुडघ्यांवर बसून हाताने उकरलं. वाळू. टेकाडाला पूर्ण वळसा घातला. मग दुसरा, आणखी मोठा. अरे, सगळं टेकाडच वाळूचं! उंचावर! इथे झरा फुटणारच कसा? ओल म्हणून कुठे नाही – फक्त खाली तळ्याला. आणि तळ्यावर दुसरं खोपटं नाही, एवढं मला ठाऊक आहे.

तिथेच बसलो. आणि मग हळूहळू डोक्यात उजेड पडला.

एन्सिओ इथे कधी आलाच नाही!

नदी नकाशात दिसते. डोंगर नकाशात दिसतात. तो सपाट दगड कुणीतरी सांगितला असेल, कुठे वाचला असेल. पाऊस लागायचा नाही – कसा लागेल, माणूस इथे असेल तर ना! आणि झरा त्याने स्वतःच्या मनाने काढला, कारण तो नकाशात कशाला असेल! दर सप्टेंबरात आठवडाभर कुठे जात होता कोण जाणे, कुणाकडे जात होता कोण जाणे – आणि येताना कुठल्यातरी नळाखाली बाटली धरत होता!

मी नाचलो. खरंच नाचलो, किटली हातात घेऊन, त्या वाळूत, एकटाच टँगो! सापडलास, कारकुंड्या! पडलास ना तोंडावर! आता जातो, दार उघडतो आणि सांगतो. वाक्यही तयार झालं, 'हेलवी, इथे झरा नाही.' चार शब्द. चार शब्दांत त्याला माचेवरून उठवतो.

दारापर्यंत आलो. खिडकीतून आत पाहिलं. ती दाराकडे तोंड करून बसली होती, हात मांडीवर, निकालाची वाट बघणाऱ्या शाळकरी पोरीसारखी. दोन कप समोर.

आणि मी दाराशीच थबकलो.

ते चांगले कप डोळ्यांपुढे आले. ती शेजारीण. दर वर्षीची ती कॉफी. चार शब्दांनी मी हे सगळं ओतून टाकणार होतो. आणि इथे फक्त हे पान आहे म्हणून खरं लिहितो – दया तिची आली तेवढीच त्याचीही आली. गेला ना तो आता, पुरता हरला. पडलेल्याला लाथ कशाला मारायची? मला ठाऊक आहे, बास झालं. इतकं मोठं मन माझं कधीच झालं नव्हतं! स्वतःचंच नवल वाटलं.

मागे फिरलो, टेकाड उतरलो, तळ्यात किटली बुडवली. काडीकचरा बोटाने काढला.

'मिळाला?' तिने विचारलं.

'मिळाला की! दगडाखाली आहे, पटकन दिसत नाही म्हणून वेळ लागला.'

'हात घातलास पाण्यात?'

'घातला. बधिर झाला. प्यायलोसुद्धा, दात ठणकले.'

'मोठा आहे का रे?'

'मोठा म्हणजे – असा, हाताएवढी धार. आणि तिथे एक पत्र्याचा कपही टांगून ठेवलाय कुणीतरी, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी.' हा कप कुठून आला ते मलाच ठाऊक नाही. एकदा बोलायला लागलं की सुचत जातं! मला छान बोलता येत नाही असं कोण म्हणतं?

'कप? एन्सिओ कपाचं कधी बोलला नव्हता.'

'नंतर लावला असेल.'

'अस्सं.'

तिने कॉफी केली. कपात चीज घातलं, ओतली, सावकाश प्यायली. मी विचारलं, गोड आहे? 'गोड आहे,' म्हणाली. दुसरा कपही घेतला. मी म्हटलं, मागे जाऊन बघून ये ना, मग निघू. न म्हणून कसं चालेल! 'नको,' म्हणाली, 'तू पाहिलंस ना, झालं.' हुश्श!

ढलप्या रचल्या, शेगडी विझवली, दार ओढून घेतलं, निघालो. दिवसभर ती पुढे चालत होती. एकदाही 'एन्सिओ म्हणायचा' आलं नाही. एकदाही नाही! उतारावर मी मोठ्याने शीळ वाजवली. आता तिला त्याचं नाव घ्यायचं असेल तर खुशाल घेऊ दे, मला काही होत नाही. त्याची सगळी इभ्रत माझ्या खिशात आहे आणि मी खिसा उघडत नाही.

संध्याकाळी तंबू ठोकला, पाठ वाऱ्याला. म्हटलं, हेलवी, हिल्लायार्वी झालं. आता सांग.

'उद्या सांगते,' म्हणाली. माझ्याकडे बराच वेळ बघत होती, प्रेमानेच.

लग्नाला ऑक्टोबर बरा. यारीला बस सजवायला सांगेन.

१२ सप्टेंबर

नाही म्हणाली.

काल मी उठायच्या आधीच ती खोपटामागे जाऊन आली होती. सगळं टेकाड पालथं घातलं होतं.

'तीस वर्षं संशय होता मला, ताइस्तो. एकटीने खात्री करायची हिंमत नव्हती, म्हणून तुला आणलं. वाटलं, तू येशील आणि म्हणशील – हेलवी, इथे झरा नाही. मग दोघं मिळून त्याला शिव्या घालू. तुला तर केवढ्या येतात.'

मी म्हटलं, तुझ्यासाठीच बोललो गं खोटं.

'तोही हेच म्हणाला असता.'

मेल्याचं तीस वर्षं खपलं. माझं एक दिवसही नाही.